घटसर्पाचे त्वरित निदान : चाचणी-पट्टी कशी तयार होते व तिचा उपयोग किती

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की पेरणीची घाई सुरू होते. याच सुमारास गुरांच्या सांसर्गिक रोगांनाही अनुकूल काळ येतो. उन्हाळ्यात अपुऱ्या वैरणीवर राहिलेली जनावरे अशक्त झालेली असतात. त्यातच हवा दमट होते, गोठ्यात ओल येते आणि औताचा ताण पडतो. अशा वेळी काल सायंकाळी नेहमीप्रमाणे दूध दिलेली म्हैस पहाटे वैरणीला तोंड लावीत नाही, तिच्या तोंडातून लाळ गळू लागते, गळ्याखाली सूज दिसते व श्वास घेताना घरघर असा आवाज येतो. पुष्कळदा दुपारपर्यंत ती दगावते. पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप पोहोचून नमुना प्रयोगशाळेत जाईपर्यंत गोठ्यातील दुसरे जनावरही आजारी पडलेले असते. या रोगास घटसर्प अथवा गळसुजी असे म्हणतात.

घटसर्पात औषध मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर मिळणे महत्त्वाचे असते. रोगाच्या अगदी आरंभी योग्य औषध टोचले तर जनावर वाचण्याची आशा असते. श्वास कोंडू लागल्यावर बहुधा उपाय चालत नाही. म्हणून गोठ्यातच, काही मिनिटांत, साध्या कागदी पट्टीवर रोगाचे निदान करता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. माणसांच्या काही श्वसनरोगांसाठी अशा पट्ट्या वापरात आल्या आहेत. त्या कशा तयार होतात, घटसर्पासारख्या रोगासाठी अशी पट्टी तयार करताना कोणत्या अडचणी येतात आणि तिच्यावर कितपत विसंबून राहावे, याची माहिती पशुपालकांस असणे इष्ट आहे.

रोगाचे स्वरूप

घटसर्प हा पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूपासून होतो. लुई पाश्चर यांनी १८८० साली कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर जे प्रसिद्ध प्रयोग केले ते याच जातीच्या जिवाणूवर होत, आणि त्यांच्याच नावावरून या कुळास पाश्चुरेला हे नाव मिळाले. या जिवाणूच्या अंगाभोवती एक चिकट आवरण असते. त्या आवरणाच्या रासायनिक घडणीवरून त्याचे ए, बी, डी, ई, एफ असे प्रकार पाडले आहेत. आशिया खंडात गाई-म्हशींना घटसर्प होतो तो मुख्यत्वे बी प्रकारामुळे, तर आफ्रिकेत ई प्रकारही आढळतो. ए व डी हे प्रकार मात्र निरोगी जनावरांच्या नाकातोंडातही राहू शकतात. पट्टी तयार करताना हा भेद फार महत्त्वाचा ठरतो.

गाईबैलांपेक्षा म्हशींना हा रोग अधिक तीव्र होतो. ज्या भागात तो वारंवार येतो तेथे सहा महिने ते दोन वर्षे वयाची वासरे व पारडी अधिक बळी पडतात. ताप १०४ ते १०७ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो. काही जनावरे रोगातून बचावतात, आणि त्यांच्या घशातील गाठींत जिवाणू दीर्घकाळ दडून राहतात. असे जनावर वरून धडधाकट दिसते, परंतु पावसाळ्यात अंगावर ताण आला की त्याच्याकडून रोग पुन्हा कळपात पसरू शकतो.

निदानास उशीर का होतो

पावसाळ्याच्या तोंडावर जनावरे अचानक दगावण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी तीन रोगांची नेहमी गफलत होते. घटसर्पात गळ्याखाली सूज येते. फऱ्या अथवा एकटांग्या या रोगात मांडीवर किंवा खांद्यावर सूज येते आणि ती दाबली असता आत हवा भरल्याप्रमाणे चरचर आवाज येतो. फाशी म्हणजेच काळपुळी या रोगात जनावर एकाएकी मरते व त्याच्या नाकातून किंवा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त वाहते. पुस्तकात हा फरक स्पष्ट दिसतो, गोठ्यात मात्र तो तितका स्पष्ट असत नाही. फाशीतही क्वचित गळ्याला सूज येते आणि घटसर्पात कधी कधी सूज दिसण्यापूर्वीच जनावर मरते.

येथे चूक झाल्यास ती जनावरापुरती मर्यादित राहत नाही. फाशीने मेलेले जनावर फाडले तर त्यातील जिवाणू हवेच्या संपर्काने टणक बीजाणूंच्या रूपात जातात व त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. कातडे सोलणाऱ्या माणसालाही हा रोग होऊन त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मेलेल्या जनावरापाशी उभ्या असलेल्या माणसास ‘हे फाडावे की न फाडता पुरावे’ याचे उत्तर तेथेच हवे असते.

प्रयोगशाळेत निदान करण्याच्या पद्धती विश्वसनीय आहेत. रक्ताचा लेप काचपट्टीवर घेऊन रंगविला असता सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद रंग धरलेले जिवाणू दिसतात. त्यावरून संशय बळावतो, परंतु पूर्ण खात्री होत नाही. रक्तयुक्त पोषक माध्यमावर जिवाणू वाढविल्यास खात्री पटते, मात्र त्यास एक ते दोन दिवस लागतात. १९९८ साली जिवाणूच्या जनुकांवरून तो ओळखण्याची पीसीआर पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्या योगाने जिवाणूची जात व घटसर्पाचा बी प्रकार दोन्ही काही तासांत ओळखता येतात, पण त्यासाठी यंत्रे, वीज व प्रशिक्षित माणसे लागतात. रोग एका दिवसात जीव घेतो, तर निदान बहुतेक वेळा त्यानंतर हाती येते. पट्टीची गरज आहे ती ही दरी भरून काढण्यासाठी.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. भारतातील गुरांच्या रोगांचे जिवाणुशास्त्रीय संशोधन ज्या इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीत सुरू झाले, ती १८८९ साली पुण्यात स्थापन झाली होती. १८९३ साली ती कुमाऊँ भागातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली व पुढे तिचेच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत रूपांतर झाले. तेव्हापासून आजतागायत पशुपालकाची मागणी तीच आहे : रोग कोणता ते लवकर कळावे.

पट्टीची रचना

बाहेरून पाहता ही पट्टी बोटभर लांबीची व अगदी साधी दिसते. तिच्यात एकापुढे एक चार भाग जोडलेले असतात. पहिला भाग नमुना टाकण्याची गादी. दुसऱ्या भागात रंगीत कण वाळवून ठेवलेले असतात. तिसरा भाग नायट्रोसेल्युलोजचा पातळ पांढरा पडदा. या पडद्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या दोन आडव्या रेषा ओढलेल्या असतात. चौथा भाग टिपकागदासारखा शोषक असतो व तो द्रव पुढे ओढून घेतो. दिव्याच्या वातीत ज्याप्रमाणे तेल आपोआप चढते त्याचप्रमाणे नमुन्याचा थेंब पट्टीतून पुढे सरकतो. त्यास पंप लागत नाही व वीजही लागत नाही.

रंगीत कण बहुधा सोन्याचे असतात. सोने अत्यंत बारीक केले म्हणजे ते पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ साली दाखवून दिले होते. पट्टीतील कण मिलिमीटरच्या सुमारे पंचवीस हजाराव्या भागाइतके बारीक असतात. एका पट्टीस लागणारे सोने इतके अल्प असते की त्यामुळे पट्टीची किंमत फारशी वाढत नाही.

या कणांवर प्रतिद्रव्ये बसविलेली असतात. शरीरात रोगजंतू शिरला असता त्याला ओळखून घट्ट धरून ठेवणारे जे पदार्थ शरीर तयार करते त्यांस प्रतिद्रव्ये म्हणतात. कुलपास जशी त्याचीच किल्ली लागते, तसे एक प्रतिद्रव्य रोगजंतूच्या एका विशिष्ट भागालाच चिकटते. नमुन्यात रोगजंतू असेल तर सोन्याचे कण त्यास चिकटतात व सर्व मिळून पुढे वाहत जातात. पडद्यावरील पहिल्या रेषेत त्याच रोगजंतूस धरणारी दुसरी प्रतिद्रव्ये असतात. ती रोगजंतूस अडवितात, त्याच्याबरोबर सोन्याचे कणही अडकतात व तेथे लाल रेष उमटते. नमुन्यात रोगजंतू नसेल तर पहिली रेष उमटत नाही. दुसरी रेष मोकळे कण धरणारी असते. द्रव शेवटपर्यंत वाहिला व कण शाबूत आहेत एवढेच ती सांगते. ही दुसरी रेष उमटली नाही तर ती पट्टी बाद समजून टाकून द्यावी.

पट्टी तयार करण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी म्हणजे कशाचा शोध घ्यावयाचा ते ठरविणे. जनावराच्या रक्तातील प्रतिद्रव्ये शोधावीत असे प्रथम सुचते, कारण ते सोपे असते. परंतु घटसर्पात त्याचा उपयोग नाही. प्रतिद्रव्ये तयार होण्यास अनेक दिवस लागतात आणि जनावर त्यापूर्वीच मरते. शिवाय लस टोचलेल्या निरोगी जनावरातही ती सापडतात. म्हणून शोध प्रत्यक्ष जिवाणूचा, आणि तोही बी प्रकारच्या आवरणाचा घ्यावा लागतो. ए किंवा डी प्रकार शोधणारी पट्टी निरोगी जनावरातही रेष दाखवील व पशुपालकाची दिशाभूल करील.

दुसरी पायरी प्रतिद्रव्ये मिळविण्याची. पूर्वी ती ससे किंवा शेळ्या यांना जिवाणूचा अंश टोचून त्यांच्या रक्तरसातून मिळवीत असत. अशा रक्तरसात अनेक जातींची प्रतिद्रव्ये मिसळलेली असतात. १९७५ साली कोलर व मिलस्टीन या शास्त्रज्ञांनी एकाच जातीची प्रतिद्रव्ये हवी तितकी निर्माण करण्याची रीत शोधून काढली. या कार्याबद्दल त्यांस १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक खेपेस एकसारखी पट्टी तयार करता येणे बव्हंशी या शोधामुळे सुलभ झाले. तथापि जिवाणूचे आवरण शर्करायुक्त पदार्थांचे असते व अशा पदार्थांविरुद्ध चांगली प्रतिद्रव्ये मिळविणे प्रथिनांच्या मानाने कठीण जाते.

तिसरी पायरी कण, पडदा व वेग यांचा मेळ घालण्याची. पडद्याच्या छिद्रांनुसार द्रवास ४ सेंटिमीटर अंतर चढण्यास सव्वा ते चार मिनिटे लागतात. द्रव फार वेगाने गेला तर जिवाणूस रेषेवर अडकण्यास पुरेसा अवधी मिळत नाही व रेष फिकट उमटते. फार सावकाश गेला तर निकालास उशीर होतो, आणि कण जागोजागी साचून खोटी रेष दिसण्याचा संभव वाढतो.

चौथी पायरी नमुना कोणता घ्यावा हे ठरविण्याची. घटसर्पात खरी अडचण येते ती याच ठिकाणी. या रोगात जिवाणू रक्तात मोठ्या संख्येने पसरतात ते अखेरच्या अवस्थेत. त्यापूर्वी घेतलेल्या रक्तात ते सापडतीलच असे नाही. नाकातील स्रावातही ते नेहमीच मिळत नाहीत. पट्टीवर रेष दिसण्यासाठी एका मिलिलिटर नमुन्यात साधारणपणे लाखाहून अधिक जिवाणू असावे लागतात. म्हणजे जनावर वाचविण्याची संधी असते तेव्हा रक्तात जिवाणू थोडे, आणि जिवाणू विपुल होतात तेव्हा जनावर हातचे गेलेले. गळ्याच्या सुजेतील पाणी हा यापेक्षा बरा नमुना ठरू शकतो, पण फाशीचा संशय असताना ते काढणे धोक्याचे आहे व ते काम पशुवैद्यकानेच करावयाचे आहे. मृत जनावराच्या रक्तावर मात्र पट्टी चांगले काम देऊ शकते. त्यायोगे एक जनावर गेले तरी कळपातील उरलेली जनावरे वाचविता येतील.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नमुन्यात जिवाणू अतोनात असले तरीही रेष फिकी पडू शकते, कारण सोन्याचे कण न चिकटलेले जिवाणूच रेषेवरील सर्व जागा अडवून बसतात. म्हणून नमुना ठराविक प्रमाणात पातळ करून तपासण्याची सूचना पट्टीबरोबर द्यावी लागते.

पाचवी पायरी टिकाऊपणाची. ओलाव्याने पट्टी निकामी होते, आणि या पट्टीची गरज नेमकी पावसाळ्यात असते. म्हणून ती ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात ठेवतात. मे महिन्यातील उष्ण्यात महिनोन्महिने पडून राहिल्यावरही ती चालते की नाही हे तपासल्यावाचून ती खेड्यात पाठविणे योग्य नव्हे.

माणसांच्या रोगांतील अनुभव

ओल्या नमुन्याचा थेंब टाकून रेष पाहण्याची ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात गर्भधारणेच्या घरगुती तपासणीमुळे सर्वत्र पोहोचली. श्वसनमार्गाच्या जिवाणुरोगांसाठी तिचा वापर त्यानंतर वाढला. या अनुभवातून घेण्यासारखे धडे पुष्कळ आहेत.

न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे होणाऱ्या फुप्फुसदाहाचे निदान रुग्णाच्या लघवीवरून सुमारे १५ मिनिटांत करणारी पट्टी उपलब्ध आहे. फुप्फुसातील जिवाणूचे अंश रक्तावाटे लघवीत उतरतात, हे तिचे मर्म. प्रौढांत ती उपयोगी ठरली. लहान मुलांत मात्र अडचण आली. पुष्कळ निरोगी मुलांच्या घशात हा जिवाणू निरुपद्रवी रीतीने राहत असतो, त्यामुळे आजार दुसऱ्याच कारणाचा असतानाही रेष उमटते. घशात दडलेला जिवाणू व रोगास कारण झालेला जिवाणू यांतील फरक पट्टीस कळत नाही. घटसर्पाच्या वाहक म्हशींबाबत हीच शंका बाळगावयास हवी.

घसा सुजविणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूच्या तपासणीत नमुना प्रथम आम्लद्रवात बुडवून जिवाणूच्या भिंतीतील शर्करा मोकळी करावी लागते. ही पूर्वतयारी टाळली तर पट्टी काहीच दाखवीत नाही. क्षयरोगासाठी लघवीतील एक घटक शोधणाऱ्या पट्टीस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्यता दिली, परंतु ती सर्वांसाठी नव्हे. एचआयव्हीची लागण झालेल्या विशिष्ट रुग्णांपुरतीच ती शिफारस होती. पट्टी कोणासाठी व केव्हा वापरावयाची हे ठरविणे पट्टी बनविण्याइतकेच महत्त्वाचे असते, हा या सर्वांचा सारांश होय.

रेषेवर विश्वास किती ठेवावा

कोणतीही पट्टी पूर्णपणे अचूक नसते. समजा, एखादी पट्टी १०० रोगी जनावरांपैकी ९० बरोबर ओळखते व १०० निरोगी जनावरांपैकी ९५ निरोगी म्हणून दाखविते. आता दोन प्रसंग घेऊ.

एका भागात घटसर्पाची साथ आली असून १०० आजारी जनावरे तपासली. त्यांपैकी ६० जनावरांस खरोखर घटसर्प आहे. पट्टी त्या ६० पैकी ५४ मध्ये रेष दाखवील, व उरलेल्या ४० पैकी २ मध्ये खोटी रेष दाखवील. म्हणजे रेष उमटलेल्या ५६ पैकी ५४ जनावरांचे निदान बरोबर ठरेल. परंतु रेष न उमटलेल्या ४४ जनावरांतही ६ रोगी राहून जातील.

दुसरा प्रसंग गुरांच्या बाजाराचा. तेथे १,००० धडधाकट जनावरे तपासली व त्यांत केवळ १० वाहक आहेत. पट्टी त्यांतील ९ ओळखील, पण ९९० निरोगी जनावरांपैकी सुमारे ५० जनावरांवर खोटा ठपका ठेवील. रेष उमटलेल्या सुमारे ५९ जनावरांत खरे वाहक ९ च. पट्टी तीच, पण पहिल्या ठिकाणी ती उपकारक तर दुसऱ्या ठिकाणी नुकसानकारक ठरली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पट्टी आजारी किंवा नुकत्याच मेलेल्या जनावरासाठी वापरावी, निरोगी कळप चाळण्यासाठी नव्हे. तसेच साथीच्या दिवसांत लक्षणे स्पष्ट असतील तर रेष उमटली नाही म्हणून उपचार थांबवू नयेत.

याच कारणास्तव नवीन पट्टीची परीक्षा प्रयोगशाळेतील वाढीच्या जिवाणूंवर उत्तीर्ण होणे पुरेसे नसते. ती निरनिराळ्या भागांतील आजारी व निरोगी, लस टोचलेल्या व न टोचलेल्या जनावरांवर घ्यावी लागते. पट्टी वाचणाऱ्यास प्रयोगशाळेचा निकाल माहीत असता कामा नये, कारण अपेक्षा असली म्हणजे नसलेली फिकट रेषही डोळ्यांस दिसू लागते.

पशुपालकांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

पट्टी हे निदानाचे साधन आहे, रोग रोखण्याचे नव्हे. पट्टी असो वा नसो, पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पावसाळ्यापूर्वी, मे अथवा जूनच्या आरंभी, सर्व जनावरांस घटसर्पाची लस दरवर्षी टोचून घ्यावी. एका गोठ्याने टोचून घेऊन शेजारच्याने टाळल्यास गावाचे संरक्षण अपुरे राहते.

२. ताप, लाळ, गळ्याची सूज किंवा घरघर दिसताच जनावर वेगळे बांधावे, त्याचे पाणी व वैरण निराळी ठेवावी आणि पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावे. उरलेले औषध किंवा शेजाऱ्याने सांगितलेले इंजेक्शन स्वतः टोचू नये.

३. अचानक मेलेले जनावर पशुवैद्यकाने पाहिल्याखेरीज फाडू अथवा सोलू नये. ते नदीनाल्यात किंवा उघड्यावर टाकू नये. पशुवैद्यकाच्या सूचनेप्रमाणे खोल खड्ड्यात चुनखडी घालून पुरावे.

४. पट्टी वापरावयाची झाल्यास पाकीट ऐन वेळीच फोडावे, मुदत पाहावी व सांगितलेल्या वेळीच रेष वाचावी. फार उशिरा उमटलेली रेष ग्राह्य धरू नये. वापरलेली पट्टी रोगजंतूंनी भरलेली असते, ती जाळून टाकावी.

५. पट्टीवर रेष उमटली तरी प्रयोगशाळेसाठी नमुना देण्यास आडकाठी करू नये. कोणत्या औषधास जिवाणू दाद देतो हे पट्टी सांगत नाही, ते जिवाणू वाढवूनच कळते.

६. घटसर्प व फाशी हे २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाच्या सूचीतील रोग आहेत. त्यांचा संशय येताच ग्रामपंचायतीस अथवा पशुवैद्यकास कळविणे हे पशुपालकाचे कर्तव्य आहे. रोग लपविल्याने गाईची किंमत टिकत नाही, मात्र गावाची गुरे धोक्यात येतात.

वेळेवर टोचलेली लस, वेगळे बांधलेले आजारी जनावर व तत्परतेने धाडलेला निरोप ही तीन साधने आजही प्रत्येक पशुपालकाच्या हाती आहेत. त्यांच्या जोडीस भरवशाची चाचणी-पट्टी आली तर पहिली म्हैस कशाने गेली हे दुसरी आजारी पडण्यापूर्वी कळेल, आणि गोठा रिकामा होण्याचे टळेल.